पाचशे तीन गैरहजर

पेन्सिल पुन्हा घरंगळली. चंद्रशेखरने ती क्षणभरच टेबलावर आडवी ठेवली होती, चष्मा पुसण्यापुरती. तेवढ्यात ती आपली आपण हलली, टेबलाच्या कडेपर्यंत गेली, खाली पडली आणि लाकडी जमिनीवरून टुकटुक करत पुस्तकांच्या कपाटाखाली जाऊन थांबली. तीन वर्षं ती तिथेच जात होती. पेन्सिल गेली, लेक ओजस्वीच्या गोट्या गेल्या, बायको वीणाच्या ब्लाउजचं बटण गेलं, सगळ्यांचा मुक्काम त्या एकाच कपाटाखाली, पूर्वेच्या कोपऱ्यात. घरात कुणी त्यावर बोलायचं नाही असं काही ठरलं नव्हतं, पण बोलत कुणी नव्हतं. वस्तू पडली की ज्याची त्याने वाकून काढायची. आज मात्र तो वाकला नाही. समोर पुस्तकाची प्रुफं पसरली होती, अकरा वर्षांच्या कामाची शेवटची प्रुफं, आणि पान दोनशे एकोणीसवर प्रकाशकाच्या संपादिकेने समासात निळ्या शाईने लिहिलं होतं: हे वाक्य फार कठोर वाटतं. त्या दिवशी तो सभागृहात का नव्हता, याला पुरावा आहे का? तो नव्हता हे तिथे कुणाच्या लक्षात तरी आलं होतं का? चंद्रशेखरने ते तीनदा वाचलं. साधी शंका होती, संपादिका असल्या शंका पगार घेऊनच काढतात. पण पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी तसं त्याला झालं.

पुस्तक होतं ह्यू कॅल्डरवुडवर. साताऱ्याचा माणूस तोक्योच्या विद्यापीठात बसून स्कॉटलंडच्या एका मेलेल्या खासदारावर लिहितो, याला त्याचे सासरे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायचे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण चंद्रशेखरचा या माणसावर जीव जडला होता. पर्थजवळच्या गावातल्या पाववाल्याचा मुलगा, एकोणिसाव्या वर्षी एडिंबरोला वकिलाच्या कचेरीत नकलनवीस झाला. तिथे त्याच्या हाती आले ते कागदी मतदारांचे दस्तऐवज. त्या काळी स्कॉटलंडात अख्ख्या जिल्ह्याला मूठभर मतदार असत आणि त्यातलेही कित्येक निव्वळ कागदावरचे. जमीनदार आपल्या मित्रांच्या नावे खोटे हक्क लिहून द्यायचा आणि निवडणुकीच्या दिवशी ते मित्र येऊन त्याच्याच बाजूने मत टाकून जायचे. पोरगा दिवसा ते कागद उतरवून काढी आणि रविवारी त्यावर पत्रक लिही. पत्रक छापलं गेलं, नोकरी गेली. मग वर्तमानपत्र, मग बदनामीचा खटला, चार महिने तुरुंग. अठराशे बत्तीसला मताधिकार वाढला तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर बसवून निवडून दिलं. सत्तावीस वर्षं तो पार्लमेंटात होता. नगरपालिकांच्या निवडणुका खुल्या करण्यासाठी तो भांडला, सैन्यातले फटके बंद व्हावेत म्हणून भांडला, आणि सहा वेळा त्याने एक ठराव आणला आणि सहाही वेळा तो हरला: लॉर्ड लोकांचं प्रॉक्सी मत बंद करा. लॉर्डांच्या सभागृहात यायचीसुद्धा गरज नसे, कुणा दोस्ताच्या हाती सही दिली की झालं. कॅल्डरवुड म्हणाला होता, एक महाशय रोममध्ये बर्फाची मिठाई खात बसतात आणि त्यांचं मत इथे माझ्या गावच्या माणसाच्या तोंडची भाकरी काढून घेतं; ज्याला समोरच्याचं तोंड पाहायचं धैर्य नाही त्याला त्याच्यावर हुकूम चालवायचाही हक्क नाही. चंद्रशेखरला हे भाषण पाठ होतं. विद्यार्थ्यांना शिकवताना तो ते उभा राहून म्हणे आणि जपानी विद्यार्थी ते मान खाली घालून उतरवून घेत.

आणि मग अठराशे चोपन्नचा मे महिना. कापड ब्लीच करायच्या कारखान्यांत बायका आणि मुली उकळत्या वाफेच्या खोल्यांत अठरा अठरा तास अनवाणी उभ्या असत, तापलेल्या जमिनीने तळपाय सोलून निघत. त्यांच्या कामाचे तास ठरवणारं विधेयक आलं होतं. कॅल्डरवुडच्याच मतदारसंघातल्या दोनशे चौदा बायकांनी अर्ज पाठवला, सहीच्या जागी फुल्या, आणि त्याने त्यांना लिहून कळवलं की मी बोलेन. तो बोलला नाही. तो गेलाच नाही. त्याने विरुद्ध पक्षाच्या एका कर्नलशी जोडी लावली, म्हणजे दोघांनीही मताला जायचं नाही असा सभ्य करार केला, आणि घरी बसला. विधेयक नऊ मतांनी पडलं. त्याचं एक मत असतं तरी पडलंच असतं. चंद्रशेखरने या गैरहजेरीचं कारण शोधायला चार उन्हाळे एडिंबरोला घालवले. आजारपण असेल, लाच असेल, कुणा कारखानदाराशी सोयरीक असेल. शेवटी रोजनिशी मिळाली. त्या दिवसाखाली एवढंच होतं: जोडी लावली. घरीच होतो. मटण बरं होतं. वारा पूर्वेचा. बस. पाच वर्षांनी तो वारला, गावाने त्याचा पितळी पुतळा उभारला आणि खाली कोरलं, ज्यांना आवाज नव्हता त्यांच्यासाठी हा उभा राहिला. लॉर्डांची प्रॉक्सी त्याच्या मरणानंतर नऊ वर्षांनी बंद झाली. चंद्रशेखरने पान दोनशे एकोणीसवर लिहिलं होतं: 'गैरहजर माणूसही मत देतो, फरक इतकाच, की आपण काय मत दिलं ते पाहायला तो तिथे नसतो.' संपादिकेची निळी रेघ होती ती या वाक्याखाली. हे वाक्य लिहिल्याचा दिवस त्याला आठवत होता. वेळसुद्धा आठवत होती. त्याला ती आठवायची नव्हती.

घर शांत होतं. वीणा ओजस्वीला घेऊन एदोगावाला गेली होती, ती शिकवते त्या शाळेत रविवारची कसलीशी तालीम होती. जाताना ती म्हणाली होती की फ्रिजवरचा फॉर्म विसरू नकोस. फॉर्म म्हणजे इमारतीच्या वार्षिक सभेचा, आज दुपारी दोनला, तळमजल्यावरच्या खोलीत. वर दोन चौकोन: हजर राहीन, किंवा माझं मत अध्यक्षांच्या स्वाधीन करतो. खाली शिक्क्याची जागा. इथे सहीला कुणी विचारत नाही, शिक्का लागतो. चंद्रशेखरचा शिक्का जपानी लिपीत 'चांदोरा' असा होता, कारण कोरणाऱ्याने सांगितलं की एवढं लांब नाव एवढ्याशा गोलात मावणार नाही. फॉर्म त्याने सकाळीच भरला होता, चहा पिता पिता, दुसऱ्या चौकोनात. छत्तीस घरांतली पंचवीस-तीस घरं दरवर्षी तेच करतात. ही इथली रीत. वीणाला वाटत होतं की त्याने पहिल्या चौकोनात खूण केली आहे. दोन वर्षांपूर्वीही तिला तसंच वाटलं होतं, आणि तेव्हा तर त्याने तिला संध्याकाळी मीटिंग कशी झाली तेही सांगितलं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी ओत्सुका-सान जिवंत होत्या. दोनशे तीनमध्ये राहायच्या, एकट्या, एकोणऐंशी वर्षांच्या, पाठीत किंचित वाकलेल्या. तोक्योलगत ग्योतोकुमध्ये हे घर घेतलं तेव्हा पाळणाघराच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, आईवडील पोचू शकले नाहीत तर मूल कुणाच्या हवाली करायचं. नातेवाईक सगळे साताऱ्याला आणि पुण्याला. वीणाने ओशाळत ओत्सुका-सानना विचारलं, त्यांनी दोन्ही हातांनी फॉर्म घेतला आणि आपलं नाव सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. पुढे अकरा मार्चचा भूकंप झाला. गाड्या बंद, फोन बंद. वीणा शाळेतल्या मुलांपाशी अडकली आणि चंद्रशेखर विद्यापीठातून सतरा किलोमीटर चालत निघाला, हजारो लोकांच्या मुक्या रांगेतून, पुलांवरून. तो पोचला तेव्हा इमारतीभोवती राखाडी चिखल होता. जमिनीखालची वाळू पाण्यासारखी होऊन वर आली होती. ही सगळी जागाच भराव टाकून केलेली. दोनशे तीनचं दार उघडं होतं, धक्क्याने चौकट वाकून अडकू नये म्हणून त्यांनी ते उघडंच ठेवलं होतं, आणि आत मेणबत्तीशिवाय, अंधारात, पाच वर्षांची ओजस्वी त्यांच्या मांडीवर रजईत झोपली होती. मांडी आखडली असेल. त्या हलल्या नव्हत्या. तो रडला तेव्हा त्यांनी तोंड दुसरीकडे केलं, त्याला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून.

त्यानंतर इमारत कलली. फार नाही, डोळ्याला दिसणार नाही इतकीच. पण गोट्या खोटं बोलत नाहीत. ओत्सुका-सानच्या बाजूला खालची जमीन जास्त खचली असावी. त्यांना घरात चक्कर येऊ लागली, बाहेर पडलं की बरं वाटे. डॉक्टर म्हणाला वय झालं. त्या म्हणाल्या वय रस्त्यावरसुद्धा माझ्याबरोबरच येतं. त्यांनी इमारतीची मोजणी करून घ्यावी असा ठराव दिला. आणि सगळी इमारत गप्प झाली. मोजणी केली आणि कलली असं कागदावर आलं की घरं विकली जाणार नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. अध्यक्ष मोरिता-सान चंद्रशेखरला लिफ्टमध्ये भेटले की हवापाण्याबद्दल बोलत. आळीमिळी गुपचिळी, तीही अशी नम्र, की कुणाला दोष द्यायला जागा मिळू नये. एका संध्याकाळी कचरा वेगळा करायच्या जाळीपाशी ओत्सुका-सान त्याच्यासाठी थांबल्या होत्या. मला नीट बोलता येत नाही, म्हणाल्या, लोकांसमोर घसा बसतो. सभेत तुम्ही बोलाल का? तो काही म्हणायच्या आत त्यांनी जोडलं, "सेन्सेइ, तुम्ही त्या माणसावर लिहिता ना, जो दुसऱ्यांसाठी उभा राहायचा? मग तुम्हाला ते येत असेल."

तो म्हणाला, "मी येईन. मी बोलेन."

खरंच त्याला वाटलं होतं की तो बोलेल. हे तो आजही शपथेवर सांगेल. घरी जाऊन त्याने जपानीत चार मुद्दे लिहूनही काढले, आदरार्थी क्रियापदं तपासून घेतली. पण जसजसा रविवार जवळ आला तसतशी ती खोली त्याच्या डोळ्यांसमोर येऊ लागली: घडीच्या खुर्च्या, हिरव्या चहाच्या बाटल्या, सगळ्यांची मान किंचित खाली, आणि मध्येच उभा राहिलेला एक काळा उंच माणूस, ज्याच्या क्रियापदाचं शेपूट चुकणार. परक्याच्या अंगणात उभं राहून तुमचं घर वाकडं आहे म्हणायचं. हात दाखवून अवलक्षण. लहानपणी साताऱ्याला त्याच्या वडिलांनी चाळीच्या सभेत एकदा तोंड उघडलं होतं, नळाच्या पाण्यावरून, आणि मग वर्षभर कुणी त्यांच्याकडे हळदीकुंकवाला आलं नव्हतं. आई संध्याकाळी दारात बसून राहायची ते त्याला आठवलं. प्रकरण सहावं अर्धवट होतं. शुक्रवारी त्याने फॉर्म भरला, दुसऱ्या चौकोनात खूण केली, शिक्का मारला आणि तळमजल्यावरच्या पेटीत टाकला. पेटीत पडताना कागदाचा आवाज झाला नाही. ओत्सुका-सानना सांगायला हवं होतं. तीन जिने उतरायचे होते. उद्या सांगू म्हणाला, आणि उद्या उद्या करता रविवारच आला.

त्या रविवारी दुपारी घरात तो एकटाच, याच खोलीत, याच टेबलापाशी होता. खोलीची खिडकी बाहेरच्या सामाईक सज्जावर उघडते, काच धुरकट. बाहेरून जाणाऱ्याची सावली आत दिसते, आत दिवा असला तर आतल्याची बाहेर. आभाळ भरलेलं होतं, त्याने टेबलावरचा दिवा लावला होता. पावणेतीनच्या सुमारास बेल वाजली. टीव्हीची फी मागणारा असेल, त्याने स्वतःला सांगितलं. त्या माणसाला चुकवायला इथे सगळेच घरात असून नसतात. त्याला शब्दसुद्धा आहे, इरुसु, आणि तो उच्चारताना कुणाला लाज वाटत नाही. तो हलला नाही. पेन्सिल घरंगळू नये म्हणून मुठीत धरून ठेवली. बेल दुसऱ्यांदा वाजली. मग सावली काचेवर आली, थांबली, लहानशी, किंचित वाकलेली. त्याने वर पाहिलं नाही. कागदावर पाहत राहिला, आणि हात रिकामा राहू नये म्हणून त्याने लिहिलं: गैरहजर माणूसही मत देतो. वाक्य छान जमलं. सावली गेली. लिफ्टची घंटी वाजली नाही. पावलं जिन्याकडे गेली, हळू, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. फी मागणारे लिफ्टने जातात. भूकंपानंतर लिफ्टमध्ये पाऊल न ठेवणारं माणूस इमारतीत एकच होतं. हे त्याला तेव्हाच कळलं होतं. नाही, तेव्हा कळलं नव्हतं. तेव्हा त्याने ते कळू दिलं नव्हतं, आणि माणूस या कामात किती तरबेज असतो ते त्याने अठराशे चोपन्नच्या माणसाबद्दल चौदा पानं भरून लिहिलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या जाळीपाशी त्या भेटल्या. रोजच्याएवढ्याच वाकल्या. ऊन छान पडलंय म्हणाल्या. त्याने त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा, निदान निराशेचा एखादा धागा शोधला. मिळाला असता तर माफी मागता आली असती. काही नव्हतं. त्याला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची त्याला आज किळस आली. ऑक्टोबरमध्ये त्या न्हाणीच्या उंबऱ्यावर पडल्या. खुब्याचं हाड. मुलाने त्यांना नागोयाला नेलं, आणि या जानेवारीत मुलाचं पोस्टकार्ड आलं, काळी चौकट असलेलं. वीणा दिवसभर रडली. आपण नागोयाला जाऊन येऊ म्हणाली. त्याने परीक्षांचं कारण सांगितलं. ओजस्वीने आपल्या दप्तराला लावलेलं, ओत्सुका-साननी शिवलेलं कापडी घुबड काढून कुठेतरी ठेवून दिलं, कुठे ते त्याला माहीत नव्हतं. मोजणीचा ठराव मांडणारं कुणी उरलं नाही, तेव्हा तो आपोआप विषयपत्रिकेवरून गेला. या वर्षी विषय होते सायकलींची जागा आणि पायऱ्यांच्या कठड्याचा रंग.

दीड वाजला होता. फॉर्म दोनच्या आत पोचायला हवा. त्याने प्रुफाचं पान बाजूला ठेवलं आणि समासातली निळी शाई पुन्हा दिसली. तो नव्हता हे तिथे कुणाच्या लक्षात तरी आलं होतं का? चार उन्हाळ्यांत त्याने हे पाहिलं नव्हतं. घरी बसलेल्या माणसाची रोजनिशी, पत्रं, औषधांच्या यादीपर्यंत सगळं वाचलं. पण त्या संध्याकाळी सभागृहात त्याची रिकामी जागा पाहून कुणी काही म्हणालं का, हा प्रश्न त्याला पडला नव्हता. त्याने सगळा शोध गैरहजर माणसाच्या बाजूने घेतला होता. आता हे त्याला उघड दिसलं. तो उठला, फॉर्म घेतला, लिफ्टकडे गेला, मग वळून जिन्याने उतरला. कठडा गार होता. पाच मजले, खाली पोचेपर्यंत त्याच्या पन्नाशीच्या गुडघ्यांना कळ लागली.

तळमजल्यावर कुबो-सान, इमारतीचे राखणदार, आपल्या खिडकीमागे बसले होते. त्यांनी प्रॉक्सीच्या फॉर्मसाठी दोन्ही हात पुढे केले. चंद्रशेखरने फॉर्म दिला नाही. त्याने विचारलं, दोन वर्षांपूर्वीच्या सभेचं इतिवृत्त पाहायला मिळेल का. कुबो-सान बुचकळ्यात पडले. सव्वीस वर्षांत कुणी ते मागितलं नव्हतं, पण नियमात आहे म्हणाले, आणि कपाटातून निळी फाइल काढून दिली. त्याने ती उभ्यानेच उघडली. इतिवृत्त तीनशे दोनच्या निवृत्त शिक्षिकेने लिहिलेलं होतं आणि बाईंनी शाळेच्या हजेरीपटासारखी कुणाची शिंकसुद्धा सोडली नव्हती. जन्मभर त्याने परक्यांची इतिवृत्तं वाचली होती, शंभर दीडशे वर्षांपूर्वीची, आणि ज्या इमारतीत तो झोपत होता तिचा एकही कागद पाहिला नव्हता. हजर सात. प्रॉक्सी चोवीस. विषय तिसरा, इमारतीची मोजणी, प्रस्ताव दोनशे तीन.

त्याखाली लिहिलं होतं: 'दोनशे तीन यांनी सांगितलं की या विषयावर पाचशे तीन बोलणार आहेत. अध्यक्षांनी सांगितलं की पाचशे तीन यांची प्रॉक्सी आली आहे. दोनशे तीन यांनी सांगितलं की ती चुकून आली असावी, त्यांनी येतो म्हणून सांगितलं आहे. आणि दहा मिनिटं थांबण्याची विनंती केली. सभा थांबवण्यात आली, दोन चाळीस ते दोन पन्नास. दोनशे तीन स्वतः पाचव्या मजल्यावर जाऊन आल्या. त्यांनी परत येऊन सांगितलं की पाचशे तीन घरी नाहीत, खोलीत अंधार आहे. सभा पुढे चालू करावी. थांबायला लावल्याबद्दल त्यांनी सर्वांची माफी मागितली. त्यांना धाप लागल्याने पाणी देण्यात आलं. ठराव नामंजूर, सहा विरुद्ध पंचवीस.'

खोलीत अंधार आहे. त्याने ती ओळ बोटाने पुन्हा वाचली, जणू बोटाखाली काही वेगळं निघेल. दिवा लावलेला होता. काचेवर त्याची सावली असणार, टेबलावर वाकलेली, हातात पेन्सिल. त्या दोन हात अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी त्याला पाहिलं होतं, दिवा पाहिला होता, आणि पाच मजले उतरून येऊन सगळ्या इमारतीसमोर त्याच्यासाठी खोटं बोलल्या होत्या, धापा टाकत. आणि दुसऱ्या दिवशी त्याला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून ऊन छान पडलंय म्हणाल्या होत्या. त्याने कठड्याला धरलं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपण बरे की वाईट याचा निकाल अजून लागायचा आहे. कधीच लागला होता, आणि ज्यांनी लावला त्यांनी तो कागदावर येऊ दिला नव्हता. कुबो-सान विचारत होते की बरं वाटतंय ना. चंद्रशेखर म्हणाला, हो, जरा चक्कर आली. त्यावर कुबो-सान खाली पाहू लागले. या इमारतीत चक्कर हा शब्द बऱ्याच दिवसांत कुणी उच्चारला नव्हता.

फॉर्म त्याने चार घड्या करून खिशात घातला आणि सभेच्या खोलीत गेला. पाच जण होते. मोरिता-सान, तीनशे दोनच्या बाई वही उघडून, आणखी तिघं. सगळ्यांनी माना वळवल्या, मग सभ्यपणाने परत जागेवर नेल्या. तो मागच्या घडीच्या खुर्चीवर बसला. खुर्ची पूर्वेकडे किंचित सरकली. मोरिता-साननी घड्याळ पाहिलं, सत्तावीस प्रॉक्सी आल्याचं वाचलं, आभार मानले आणि सुरू करू या म्हणाले. तेव्हा तो उभा राहिला. घसा बसला होता. मोजणीच्या विषयावर मला बोलायचं आहे, म्हणाला. मोरिता-सान वाईट वाटल्यासारखं हसले. तो विषय यंदा पत्रिकेवर नाही, पंधरा दिवस आधी लेखी द्यावा लागतो, आणि तो देणाऱ्या बाई तर, आपल्याला माहीत आहेच. चंद्रशेखर म्हणाला माहीत आहे. त्याने खाली बसायला हवं होतं. सगळे त्याने बसायची वाट पाहत होते, अतिशय शांतपणे, आणि टेबलावरचं बाईंचं बॉलपेन हळूहळू कडेकडे निघालं होतं.

"सभा सुरू करण्याआधी दहा मिनिटं थांबता येईल का?" तो म्हणाला.

मोरिता-साननी घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून तीन मिनिटं झाली होती. नाही म्हणणं त्यांच्या तोंडात नव्हतं. कुणी यायचं आहे का, त्यांनी विचारलं.

"पाचशे तीन."

पाचशे तीन समोर उभे आहेत हे मोरिता-सानना दिसत होतं. तीनशे दोनच्या बाईंनी मात्र मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि टेबलाच्या कडेवरून पेन उचलून वहीत वेळ लिहिली.

ते सगळे थांबले. तो बसला नाही. वर पाचव्या मजल्यावर खोलीतला दिवा लावलेलाच राहिला होता.